वडील सुतार होते, वर्षश्राद्धाला त्यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची आहे. ‘कष्टाळू, कुटुंबवत्सल’ याच्या पुढे काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की वडील औसा तालुक्यातल्या खेड्यात आयुष्यभर सुतारकाम करत होते, वर्षश्राद्धाला चार महिने आहेत आणि लिहायला बसलं की ‘कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल’ एवढंच सुचतं. हे शब्द खोटे नाहीत, पण गावातल्या कुणाच्याही पत्रिकेत ते चालतात. सुताराचं आयुष्य त्यानं केलेल्या वस्तूंवरून लिहावं. गुण वाचणाऱ्याला आपोआप दिसतात.

आधी हत्यारांची पेटी उघडा. वाकस, रंधे, पटाश्या, करवती, गिरमिट, गुण्या, जे असेल ते उजेडात मांडून एकेकाचा फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. घासून चकचकीत करू नका. वाकसाचा दांडा कुठं झिजून गुळगुळीत झालाय यावरून हात कुठं धरायचे ते कळतं, आणि पटाशीचं पातं किती आखूड उरलंय यावरून ती किती वापरली ते. गंज चढत असेल तर मशीनचं तेल हलक्या हातानं लावा. खायचं तेल लावलं की पुढं चिकटा धरतो.

मग गावात फिरा. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर त्यांनी केलेली पेरणीची तिफण किंवा कुळवणीचं वखर अजून पडलेलं असेल. नुसतं ‘औतं करायचे’ असं लिहू नका, भाग लिहा: तिफणीचं चाडं, नळे, फण, दांडी, रुमणं. फारोळे, वखराची पास, हे लोखंडी काम लोहाराचं. तो कोण होता, त्याचंही नाव घाला. दोघांचा धंदा एकमेकांवर चालायचा.

बैलगाडीचं चाक त्यांनी केलं असेल तर त्याला पुस्तिकेत दोन पानं द्या, कारण सुताराची खरी परीक्षा तिथं. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेरून पाटे (गोल कडेचे लाकडी तुकडे) आणि त्यावर धाव, म्हणजे लोखंडी पट्टीचं कडं. बहुतेक चाकांना १२ आरे आणि ६ पाटे असतात, एका पाट्यात दोन आरे. तरी तुमच्या गावातल्या चाकाचे मोजून मगच लिहा. लाकूड सहसा बाभळीचं. ते ओलं वापरलं तर वाळताना आकसतं आणि आरे खुळखुळायला लागतात, म्हणून ओंडके काही महिने पाण्यात बुडवून, नंतर सावलीत वाळवून घेत. त्यानं किडीचाही त्रास कमी होतो. धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा थोडी कमी ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आकसलं की सगळे सांधे आवळले जातात. धाव फारच कमी धरली तर पाटे दबून चाक वाकडं होतं, पुरेशी कमी नाही धरली तर पहिल्याच उन्हाळ्यात ती सुटते. हा अंदाज वडील कसा घेत, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माणसाला विचारा. अशी एक गोष्ट ‘अत्यंत कुशल कारागीर’ या तीन शब्दांपेक्षा जास्त सांगते.

घरांचंही तसंच. कुणाचं किती खणांचं माळवद (मातीचं सपाट छत) त्यांनी चढवलं, खांब-तुळवट कशाचे, साग किनवटकडचा आणला की गावातलाच कडुनिंब, चौकटीवर नक्षी होती का. तुमचा तालुका किल्लारीचा, म्हणजे १९९३च्या भूकंपानंतर जुनी दगडमातीची घरं फार उरलेली नसणार. पडलेल्या घरांतलं सागवान कुणी जपून ठेवलं, वडिलांनी त्यातून पुढं काय केलं, हे नक्की विचारा.

तारखांचा घोळ होणारच. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी घातलेली आहे असं समजा. त्या पिढीत निम्मा गाव १ जूनचा. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, प्रसंग विचारा: रझाकाराच्या आधी की नंतर (हैदराबाद संस्थानावरची पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८), बहात्तरच्या दुष्काळात की त्याच्या पुढं, भूकंपाच्या आधी की नंतर (३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र उलटताना). नक्की नसेल तिथं ‘बहात्तरच्या दुष्काळानंतर’ असंच छापा. खोट्या तारखेपेक्षा ते बरं.

कुटुंबवत्सल हे सिद्ध होतं हिशेबातून. बलुतं (कामाच्या बदल्यात धान्य) होतं तोवर खळ्यावर वर्षाला किती ज्वारी मिळायची, कडबा किती, रोख मजुरी कधी सुरू झाली. पायल्या सांगितल्या तर पायल्याच लिहा, किलो करू नका. मापं गावोगाव वेगळी होती. मिरगाच्या आधीचा महिना औतं दुरुस्तीच्या गर्दीचा, मग पावसाळ्यात घर कशावर चालायचं? कुठल्या कामाच्या पैशात कुणाची फी भरली, कुणाचं लग्न झालं? टायरची गाडी आणि ट्रॅक्टर आल्यावर ते दारं-खिडक्या, दिवाण, प्लाय-सनमायकाकडं वळले का, की हातच आखडले? इथं आईला बाजूला बसवून विचारा, सगळ्यांसमोर नको. मोठ्या करवतीला दोन टोकं असतात, आणि घरात गडी नसला की दुसऱ्या टोकाला कोण बसायचं, हे बऱ्याच घरांत कुणी विचारलेलंच नसतं. लग्न होऊन गेलेल्या बहिणींना तर आधी फोन लावा. भावांना धंदा आठवतो, बहिणींना माणूस.

उधारी, भाऊबंदकी, दारू असलं काही असेल तर एका वाक्यात खरं लिहा नाहीतर सोडून द्या, पण उलटं लिहू नका. गावाला माहीत असतंच. दुसऱ्यानं बुडवलेल्या पैशाचं नाव-गाव छापू नका.

आता छपाई. पुस्तिका पिनअपची (मधोमध पिना मारलेली) असेल तर पानं चारच्या पटीत ठेवा. ३२ पुरेत, त्यातली नातेवाइकांच्या नावांना दोन. जुना फोटो स्कॅन करून घ्या, पासपोर्ट साइझचा असेल तर ६०० डीपीआयवर. फ्रेमच्या काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेवरूनच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल आणि प्रेसवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेत असेल तर र्‍ह, ऱ्य, ॲ हमखास फुटतात, म्हणून मोबाइलवरच्या पीडीएफवर समाधान न मानता कागदावरचं प्रूफ मागा. ते प्रूफ त्यांच्या एखाद्या समवयस्काला मोठ्यानं वाचून दाखवा आणि पेन हातात ठेवा. अवजारांची नावं आणि माणसांची आडनावं तिथंच दुरुस्त होतील.