कोठडीतले मत, परदेशातले मत

प्रश्न : माझा भाऊ ८ महिने न्यायालयीन कोठडीत आहे, खटला अजून उभा राहिलेला नाही. त्याला मत देता येईल का? युरोपातल्या मानवी हक्क न्यायालयाने कैद्यांच्या बाजूने निकाल दिला असे वाचले. आपल्याला तिथे जाता येते का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : भाऊ कोठडीत आहे तोवर नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१चे कलम ६२(५) शिक्षा झालेला कैदी, कच्चा कैदी आणि पोलीस कोठडीतला माणूस यांच्यात फरकच करत नाही. दोष सिद्ध होण्याआधीच मत जाते, हा आमच्या मते उघड अन्याय आहे. पण सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात हे कलम वैध ठरवले आहे.

जामिनावर सुटल्यावर मात्र तो नेहमीच्या केंद्रावर मत देऊ शकतो, फक्त यादीत नाव हवे. घोळ इथेच होतो. बीएलओ (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) घरी येतो, ‘तो इथे नसतो’ असे कोणीतरी सांगते आणि नाव ‘स्थलांतरित’ म्हणून वगळले जाते. तुरुंगात असल्याने माणसाचा पत्ता बदलत नाही, मतदार म्हणून असलेली नोंदही जात नाही. बीएलओला हे स्पष्ट सांगा आणि यादी स्वतः तपासा. नाव कटलेच असेल तर नमुना ६ (नाव नोंदवण्याचा अर्ज) पुन्हा भरावा लागेल. एमपीडीए किंवा रासुका अशा प्रतिबंधात्मक कायद्यांखाली स्थानबद्ध असलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला टपाली मत मिळते. त्यासाठी निवडणूक जाहीर होताच निर्णय अधिकाऱ्याला यादीतला भाग व अनुक्रमांक आणि स्थानबद्धतेचे ठिकाण कळवा.

तुम्ही वाचलेला निकाल ६ ऑक्टोबर २००५चा, हर्स्ट विरुद्ध ब्रिटन. गुन्हा किती गंभीर, शिक्षा किती मोठी हे न बघता शिक्षा भोगणाऱ्या सरसकट सगळ्यांचे मत काढून घेणे स्ट्रासबर्गच्या या मानवी हक्क न्यायालयाने १२ विरुद्ध ५ मतांनी चूक ठरवले. म्हणजे प्रत्येक कैद्याला मत मिळालेच पाहिजे, असे मात्र नाही. २०१२ मध्ये इटलीचा कायदा टिकला, कारण तिथली बंदी ठराविक गुन्ह्यांना आणि ३ वर्षे वा अधिक शिक्षेलाच लागू होती आणि सुटकेनंतर हक्क परत मिळवण्याची वाट होती. ब्रिटनने तर निकाल वर्षानुवर्षे रखडवला. शेवटी तात्पुरत्या रजेवर बाहेर आलेल्या कैद्यांना मत देण्यापुरती सवलत दिली आणि २०१८ मध्ये प्रकरण मिटले. कच्च्या कैद्यांना तिथे आधीपासूनच मत आहे, आपण उचलायची गोष्ट ती.

भारत त्या न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने मान्य केला आहे, पण व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करू देणारा जोडकरार नाही. त्यामुळे लढाई हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टातच.

प्रश्न : आम्ही मस्कतला नोकरीला आहोत, पासपोर्ट भारतीय. इथून मत पाठवता येईल का? (एक वाचक)

उत्तर : नाही. नोंदणी तिथून होते, मत द्यायला मात्र गावी यावे लागते. मुखत्यारामार्फत मतदानाचे विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण पुढे बारगळले.

मतदार पोर्टलवर नमुना ६ए (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचा नोंदणी अर्ज) भरा. फोटो आणि पासपोर्टवरील छायाचित्र, भारतातला पत्ता व चालू व्हिसा असलेल्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती जोडा. नोंद पासपोर्टवरच्या पत्त्याच्याच मतदारसंघात होते. घर बदलले असेल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करा. जुने मतदार ओळखपत्र परत करा, दोन ठिकाणी नाव ठेवू नका. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नाव चढत नाही. मतदानाला मूळ पासपोर्ट आणा, झेरॉक्स चालत नाही.

या बाबतीत स्ट्रासबर्गही हात आखडता घेते. फ्रान्समध्ये राहणाऱ्या दोन ग्रीक नागरिकांनी तिथूनच मत देऊ द्या म्हणून दाद मागितली. आधी ते जिंकले, पण १५ मार्च २०१२ रोजी मोठ्या पीठाने निकाल फिरवला : परदेशातून मतदानाची सोय करायलाच हवी असे बंधन देशावर नाही.

प्रश्न : वडिलांमुळे मी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले, ओसीआय कार्डही (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) आहे. गोव्यात मत देऊ शकतो का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते आणि ओसीआयला मतदानाचा हक्क नसतो. यादीत नाव राहिले असेल तर नमुना ७ भरून ते काढून घ्या.