सोळाव्या वर्षी रडवणारं ‘मृत्युंजय’, शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी, चाळिशीत परत वाचावं का? की जादू उतरेल, रडूही येणार नाही?

वाचा, पण आधी कागद घ्या. आठवतात ते पाच प्रसंग लिहून काढा, कोण सांगतंय तेही लिहा. मगच पुस्तक उघडा. एकदोन प्रसंग पुस्तकात सापडणार नाहीत. ते बहुधा 1988-90च्या ‘महाभारत’ या दूरदर्शन मालिकेतून डोक्यात शिरलेले असतात. रेघा मारलेली जुनी प्रत नको. डोळे रेघांवरूनच धावतात आणि तेव्हा आवडलेलंच पुन्हा आवडतं. आवडती पानं तेवढी चाळणं तर त्याहून वाईट.

खरी गंमत निवेदनात आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची बायको वृषाली, भाऊ शोण, कृष्ण, जो तो स्वतःच्या तोंडाने बोलतो. सोळाव्या वर्षी आपण ती साक्ष म्हणून ऐकतो, चाळिशीत ते बचावाचं भाषण वाटू लागतं. म्हणून एकेक निवेदन शक्यतो दोन-तीन बैठकांत संपवा. रोज दहा पानं घेतलीत तर आवाज तुटतो आणि उरतात नुसत्या उपमा. त्या तेव्हाही ढीगभर होत्या, फक्त गोड लागायच्या.

द्यूतसभेपाशी थांबा. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीला ‘बंधकी’ (वेश्या) म्हणणारा, तिची वस्त्रं काढायला सांगणारा कर्णच. वनपर्वात गंधर्वांपुढून पळ काढणाराही तोच. हे उतारे शेजारी ठेवा आणि कादंबरी काय सांगते, काय गाळते, कुठे घाई करते ते पेन्सिलीने समासात टिपा.

‘सावंतांनी कर्णाला उगाच देव केला’ म्हणणाऱ्यांचं मला हसू येतं. आपली बाजू मांडायला उभा राहिलेला माणूस आणखी काय करणार? हीच मंडळी स्वयंवरात द्रौपदीने कर्णाला दिलेला नकार मात्र ‘मूळ महाभारतातला’ म्हणून ठणकावून सांगतात. भांडारकर संस्थेच्या, 1966 मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीने (हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठाने) तो संहितेबाहेर ठेवलाय! कादंबरी पुढच्याच वर्षीची. त्याच 1967 मध्ये इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ हे महाभारतातल्या माणसांवरच्या लेखांचं पुस्तक आलं. त्यातल्या कर्णावरच्या लेखातला कर्ण बिचारा नाही. तो लेख कादंबरीनंतर वाचा, आधी वाचलात तर पानोपानी कर्णाची उलटतपासणी घेत बसाल.

हां, रडू. कर्णाच्या निवेदनावर कदाचित नाही येणार. कुंतीच्या येईल, विशेषतः घरात मुलं असतील तर.