‘का’ सोड, ‘केव्हा’ बघ

प्रिय मुला,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. अकरा दिवस दारूविना कोरडे काढलेस. बाराव्या दिवशी ना कुणाशी भांडण, ना वाईट बातमी. कामावरून सुटून तू नेहमीच्या वळणावर वळलास, आणि ग्लास अर्धा संपल्यावर तुझ्या लक्षात आलं की आपण पितोय. चवसुद्धा नकोशी वाटली, असं लिहिलंयस. ‘मग मी प्यायलो का?’ हे विचारून पुढची तीन पानं तू वडिलांचा धाक, मोडलेलं लग्न, एकटेपणा उकरत बसलास. ती पानं मी बाजूला ठेवली. राग मानू नकोस. तसल्या पानांत माझी नऊ वर्षं गेली आहेत.

‘का’ सोड. ‘केव्हा’ बघ.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये अँथनी डिकिन्सन आणि ख्रिस्तोफर अॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी उंदरांना कळ दाबून साखरेची गोळी मिळवायला शिकवलं. नंतर त्या गोळीबरोबर मळमळ आणणारं औषध दिलं, म्हणजे गोळीची शिसारी बसली. थोडाच सराव झालेल्या उंदरांनी कळ दाबणं कमी केलं. खूप सराव झालेले दाबतच राहिले. गोळी समोर ठेवली तर तोंड लावायचे नाहीत, पण कळ दिसली की पंजा खाली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. नको असलेल्या गोष्टीसाठी हात पुढे होतो, हे कुणीतरी मोजून दाखवलं होतं. आणि मी इतकी वर्षं स्वतःला खोटारडा म्हणत होतो.

मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. त्याच्या वरच्या पट्ट्यातली आतली बाजू ‘हे केलं तर काय मिळेल’ ते तोलते. बाहेरची बाजू तोलत नाही. खूण दिसली की ठरलेली हालचाल सुरू करते. पिणं जुनं होत जातं तसा कारभार आतून बाहेर सरकतो. 2002 साली डिकिन्सन यांच्याच गटाने उंदरांवर पाहिलं, की अन्नासाठीचं कळ दाबणं अजून विचाराने चाललेलं असताना दारूसाठीचं सवयीचं होऊन बसलेलं असतं. डोपामिन हे मेंदूतलं रसायन, तेही जागा बदलतं. आधी ते घोटाला उसळतं, नंतर घोटाच्या चाहुलीला. तुझ्या बाबतीत ते वळणावरच उसळलं असणार, ग्लास फार नंतर आला.

आता हे नीट वाच. 2012 च्या एका प्रयोगात आठ आठवडे दारूची सवय लागलेल्या उंदरांच्या स्ट्रायटमची ती बाहेरची बाजू औषधाने तात्पुरती शांत केली, तर त्यांचं तोलणं परत आलं. ते मेलं नव्हतं, नुसतं दबलं होतं. मी याच एका गोष्टीला धरून उभा आहे.

लोक मला म्हणतात, तू सगळं मेंदूवर ढकलून मोकळा होतोस. नाही! सात वाजता त्या वळणावर तुझ्या हातात फार थोडं असतं, आणि दमलेल्या, ताणलेल्या दिवशी त्याहून थोडं. पण साडेसहाला खूप काही असतं. तोलणारा मेंदू तेव्हा जागा असतो. जबाबदारी तिथे घे. म्हणून ‘केव्हा’.

मी व्यसनमुक्ती केंद्रात सहा आठवडे राहिलो. एकदाही तलफ आली नाही. बरा झालो, अशी माझी खात्री पटली. घरी आलो, संध्याकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो आणि तासाभरात पीत होतो. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं चढतं, आणि ते नवं ज्या जागी शिकलो त्या जागेला चिकटून राहतं. जुन्या जागी जुनंच उठतं. हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर पुढची चार वर्षं वाचली असती.

शेवटी ती खुर्ची मी देऊन टाकली. ती माझ्या वडिलांची होती. आईने जाईपर्यंत मला त्याबद्दल माफ केलं नाही. बहीण आजही म्हणते, खुर्चीचा काय दोष? दोष नव्हताच. पण मी त्या खुर्चीत बसून पीत होतो, आणि ती गेल्यावर महिन्याभरात मी थांबलो. मी आईला हे समजावू शकलो नाही, कारण तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हते. ते शल्य आहे. खुर्ची दिल्याचं नाही. आज पुन्हा द्यावी लागली तर आजच देईन.

तेव्हा पुढचा आठवडा एवढंच कर. वहीत कारणं लिहू नकोस. वेळ, जागा, बरोबर कोण होतं, त्याआधीच्या दहा मिनिटांत काय केलंस, बस. मग ते वळण तोड. दुसऱ्या रस्त्याने जा, लांब पडला तरी. त्या वेळेला हातांना रोज तेच दुसरं काम दे. एकवीस दिवसांत सवय बदलते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. लंडनच्या एका अभ्यासात साधी नवी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागतात असा अंदाज निघाला.

आणि रोजचं पिणं पुन्हा सुरू झालं असेल, तर एकट्याने एकदम बंद करू नकोस. हात थरथरणं, झटके, भ्रम, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर. तलफ कमी करणारी औषधंही आहेत, ती घेण्यात कसला कमीपणा?

पत्रात तू सातची वेळ तीनदा लिहिलीयस, तुझ्या लक्षातही आलं नसेल. उद्यापासून रोज साडेसहाला मी फोन करणार आहे. उचल. वळणाच्या अलीकडे असशील तेव्हाच उचल.

तुझा,
काका