कूलर चालेल असे शहर

कॅनडातल्या एडमंटनमध्ये चार हिवाळे काढल्यानंतर आता ऑस्ट्रेलियातील एखाद्या उबदार शहरी कायमचे जावे असा विचार आहे, तेव्हा पर्थ, अ‍ॅडलेड आणि ब्रिस्बेन यांपैकी कोणते निवडावे, असे तुम्ही विचारले आहे. आणि शेवटी ‘सोलापुरात वाढलेल्या माणसाला उन्हाची काय भीती’ असेही लिहिले आहे. मी स्वतः सहा वर्षे एडमंटनमध्ये होतो, गेली पाच वर्षे पर्थमध्ये आहे, आणि हे उत्तर सुटीत सोलापूरला, आईच्या घरी बसून लिहितो आहे. बाहेर ४२ अंश तापमान आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

आपण सोलापूरचे ऊन सोसले खरे, पण त्यातला मोठा वाटा आपल्या घरांनी आणि आपल्या दिनक्रमाने उचलला होता. आमच्या या जुन्या घराच्या भिंती दोन हात जाड आहेत आणि वर मातीचे माळवद आहे; दुपारी एक ते चार गल्लीत चिटपाखरू दिसत नाही; आणि मधल्या खोलीच्या खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत असतो. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, एवढ्यावरच हा कूलर चालतो, म्हणून हवा कोरडी असेल तोवरच त्याचा उपयोग. वळवाचे ढग दाटून आले की तापमान दोन-तीन अंशांनी उतरलेले असूनही अंगाची चिकचिक होते आणि आई कूलर बंद करायला सांगते. तेव्हा कोणत्याही शहराच्या कमाल तापमानाचा आकडा पाहण्याआधी तिथे कूलर चालतो का, हे मी विचारतो. पर्थ आणि अ‍ॅडलेडमध्ये तो चालतो. तिथल्या असंख्य घरांच्या छपरांवर मोठे कूलर बसवलेले दिसतात. ब्रिस्बेनमध्ये त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ब्रिस्बेनचे जानेवारीतले सरासरी कमाल तापमान जेमतेम ३० अंश असते, आणि कागदावर ते सोलापूरकराला थट्टेसारखे वाटते. पण तिथला उन्हाळा हाच पावसाळाही आहे, हवा दमट असते आणि रात्रीही घाम वाळत नाही; ज्याला मुंबईचा मे मानवतो, त्याला ते शहर मानवेल. हिवाळा मात्र तिन्ही शहरांत तिथलाच सर्वांत सुखाचा आहे, कोरडा, स्वच्छ उन्हाचा आणि दुपारी २१-२२ अंशांचा. ब्रिस्बेन नदीला २०११च्या जानेवारीत आणि २०२२च्या फेब्रुवारीत मोठे पूर आले होते, म्हणून तिथे घर घेण्याआधी महापालिकेच्या पूर-नकाशात तो पत्ता पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

अ‍ॅडलेड हे ऑस्ट्रेलियाच्या राज्य-राजधान्यांमधले सर्वांत कोरडे शहर. २४ जानेवारी २०१९ रोजी तिथे ४६.६ अंशांची नोंद झाली, आणि एवढा आकडा आपले सोलापूरही सहसा गाठत नाही. तरीही ते ऊन आपल्या ओळखीचे आहे. मला तिथला हिवाळा आवडला नाही, कारण जुलैत दुपारीही १५-१६ अंश, वर ढग आणि रिपरिप, आणि थंडीला कंटाळून निघालेल्या माणसाला हे फसवणुकीसारखे वाटण्याची शक्यता आहे. शहर आटोपशीर आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू.

पर्थचा वार्षिक पाऊस साधारण सोलापूरइतकाच, सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, पण तो बहुतांशी मे ते सप्टेंबर या त्यांच्या थंडीच्या महिन्यांत पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. २०२४च्या फेब्रुवारीत तिथे सात दिवस तापमान ४० अंशांच्या वर गेले होते. उन्हाळ्यात सकाळी वाळवंटाकडून पूर्वेचा गरम वारा येतो आणि दुपारी समुद्रावरून गार वारा सुटतो, ज्याला तिथले लोक ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात. हा डॉक्टर किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत आधी पोहोचतो. आत, पूर्वेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी तो उशिरा आणि दमून येतो, त्यामुळे एकाच शहरात एकाच दुपारी काही अंशांचा फरक पडतो. स्वस्त नवी घरे बहुधा आतल्या बाजूला मिळतात, हे सांगायला नकोच.

तुम्ही तेल-वायू क्षेत्रातले असल्याने आणखी एक सावधगिरी बाळगा. ‘पर्थची नोकरी’ म्हणून येणाऱ्या जाहिरातींत कधीकधी प्रत्यक्ष काम दूर उत्तरेला पिलबारा या खाणींच्या प्रदेशात असते, आणि दोन-तीन आठवडे तिथे राहून मग विमानाने घरी परतायचे असते. त्याच पिलबारातल्या मार्बल बार या गावी १९२३-२४ मध्ये सलग १६० दिवस कमाल तापमान ३७.८ अंशांच्या खाली उतरले नव्हते. तेव्हा कामाचे ठिकाण आणि पाळ्यांचे वेळापत्रक करारात लेखी मागून घ्यावे.

आता घराविषयी, कारण माझी खरी फजिती इथेच झाली. एडमंटनचे घर उणे ३० अंशांसाठी बांधलेले असते. बाहेर काहीही असो, आत आपण बनियनवर वावरतो. पर्थमधले माझे पहिले भाड्याचे घर जुने, एकेरी काचांचे, उष्णतारोधक थर नसलेले होते, आणि बाहेर पहाटे आठ अंश असताना आतही फार वेगळे नसे. एडमंटनमध्ये कधी घरात घातले नव्हते ते जॅकेट मी पर्थमध्ये घरात घातले, आणि पत्नीने सोलापुरी चादरी दुहेरी करून पोरांच्या अंगावर घातल्या. त्याच घराची झोपायची खोली पश्चिमेला होती, त्यामुळे उन्हाळ्यात ती रात्री अकरापर्यंत भट्टी होई.

दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो, हे शाळेत शिकलेले असूनही घर पाहताना आठवत नाही. सोलापुरात मे महिन्यात तो थेट डोक्यावरून जातो. पर्थमध्ये डिसेंबरातही किंचित उत्तरेला असतो आणि जूनमध्ये तर बराच खाली कलतो. म्हणून बसायची खोली उत्तरेला, तिच्यावर पुरेसा छज्जा आणि पश्चिमेला शक्य तितक्या कमी खिडक्या असे घर पाहावे. छज्जा उन्हाळ्याचे उंच ऊन अडवतो आणि हिवाळ्याचे तिरपे ऊन आत घेतो. तिथे घरांना ऊर्जाक्षमतेसाठी शून्य ते दहा तारे देतात. नव्या घराचे तारे जरूर विचारा.

व्हिसाच्या बाबतीत शहर निवडणे उपयोगी पडू शकते. नोव्हेंबर २०१९पासून पर्थ आणि अ‍ॅडलेड ही ४९१ क्रमांकाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या शहरांबाहेर राहणाऱ्या कुशल कामगारांच्या व्हिसासाठी ‘प्रादेशिक’ धरली जातात, ब्रिस्बेन धरले जात नाही. या व्हिसासाठी राज्याची शिफारस मिळाल्यास अर्जदाराच्या पात्रता-गुणांत १५ची भर पडते आणि अटी पाळल्यास तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. परतीची वाट ठेवायची असेल, तर आधी कॅनडाचे गणित मांडावे. तिथले कायम वास्तव्य टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस आणि नागरिकत्वासाठी पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहावे लागते. नागरिकत्व घेतल्यास भारताचे जाते, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. मोहोळकडे डाळिंबाची बाग घ्यायचे तुमच्या मनात असल्याचे तुम्ही लिहिले आहे, म्हणून हे सांगितले.

एक लाभ मी आधी हिशेबात धरलाच नव्हता. एडमंटन आणि सोलापूर यांत हिवाळ्यात साडेबारा तासांचे अंतर पडते. पर्थ सोलापूरच्या केवळ अडीच तास पुढे आहे. संध्याकाळी कामावरून आल्यावर आईशी बोलतो, तेव्हा तिचा दुपारचा चहा चाललेला असतो.

माझा कौल पर्थला आहे, तोही किनाऱ्यापासून फार तर दहा-बारा किलोमीटरवरच्या पर्थला. शक्य असल्यास निर्णयाआधी एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलैत जाऊन पाहा. मी १२ जूनला परत पोहोचतो आहे. त्यानंतर तुम्ही पाहिलेल्या वस्त्यांची नावे कळवलीत, तर वारा कुठे किती वाजता पोहोचतो ते सांगू शकेन.