नऊ मिलिमीटरची बार्शी लाईट

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. पहिल्या पगारातून मॉडेल रेल्वेचा सेट घ्यायचाय, जर्मन वाफेचं इंजिन घेऊ की आपल्याकडच्या डिझेलसारखं दिसणारं, असं विचारलंयस. स्पष्ट सांगतो, दोन्ही घेऊ नकोस. निदान दिवाळीपर्यंत थांब. जर्मन इंजिन कुठे पळून जात नाही, ते गोल फिरून पुन्हा तिथेच येतं.

मी हेच केलं होतं. चाळिशीत हा नाद लागला तेव्हा बोनसच्या पैशातून परदेशी सेट मागवला, जेवणाच्या टेबलावर मांडला. आठ दिवस शेजारची पोरं बघायला आली. नवव्या दिवशी तुझी काकू म्हणाली, "आता ताटं मांडू का?" सेट माळ्यावर गेला तो गेलाच.

त्या सेटमध्ये एक खोट होती, ती पुढे कधीतरी हिशेब मांडल्यावर कळली. आधी तू तो हिशेब कर. तो सेट एचओ मापाचा. एचओ म्हणजे १:८७ हे प्रमाण, खऱ्याच्या ८७वा भाग, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. ८७ने गुणलंस की १४३५ येतात, म्हणजे युरोपातला स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६. तो ८७ने भागला की १९.२६ येतात. म्हणजे आपलं कुठलंही इंजिन त्या रुळावर उभं केलं की ते जवळजवळ पावणेतीन मिलिमीटर आखडून उभं राहतं. मोठ्या माणसाला धाकट्या भावाची चप्पल घातल्यासारखं. बहुतेकांना ते चालतं, माझं काही म्हणणं नाही. मला चालेना.

आता आपल्या बार्शी लाईटचं बघ, बार्शी-कुर्डुवाडीकडची ती जुनी छोटी रेल्वे. अडीच फुटी नॅरोगेज, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७, उत्तर ८.७६. आणि बाजारात एन स्केलचा, म्हणजे एचओपेक्षा लहान प्रमाणाचा, जो बारका रूळ मिळतो, तो असतो ९ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक! हे मी किराणाच्या बिलाच्या पाठीमागे मांडलं त्या रात्री धड झोप लागली नाही. रूळ आणि चाकं एनची घ्यायची, वरचा डबा १:८७चा करायचा. परदेशात नॅरोगेजवाले हेच करतात. डबा मात्र कुणी विकत देणार नाही, तो तुलाच करावा लागेल.

करायला घेतलास की प्रश्न सुरू होतात, आणि मला त्यातच खरी गोडी वाटते. इंजिनाचंच घे. बार्शी लाईटची सुरुवातीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्याची. जोडलेली आठ चाकं, मागे आणखी चार. एवढ्याशा गाडीला इतकी चाकं कशाला, असं मला वाटायचं. उत्तर रुळात आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं १८९७ साली ही लाईन सुरू केली तेव्हा रूळ टाकले यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आज मोठ्या लाईनीवर ६० किलोचे असतात. एवढ्या हलक्या रुळावर एका आसावर (चाकांची जोडी बसते तो दांडा) ५ टनांपेक्षा जास्त भार नको, आणि तो इंजिनाच्या व डब्यांच्या सगळ्या आसांवर सारखा असावा, हा त्याचा हिशेब. वजन वाटायचं तर आस वाढवायचे. चाकं एकेक करून बसवताना मला हे जितकं समजलं, तितकं वाचून कधी समजलं नव्हतं. (हाच कॅलथ्रॉप पुढे पहिल्या महायुद्धात वैमानिकांसाठी पॅराशूट बनवत होता. सवडीनं वाच, भारी माणूस.)

मांडणीसाठी चार फुटांची प्लायवूडची फळी पुरे. गोल रूळ नको. एक स्टेशन, एक साइडिंग म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ, आणि एक सांधा, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा. चार फूट म्हणजे प्रमाणात सुमारे १०६ मीटर होतात, खेड्यातल्या स्टेशनाचा एक तुकडा त्यात मावतो. मालडबा काढायचा, साइडिंगला टाकायचा, इंजिन पुढे आणायचं. शंटिंगला माणूस कंटाळत नाही. मी तरी वीस वर्षांत कंटाळलो नाही.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नकोस. मी दहा फुटी मांडणी केली ती जानेवारीत, रुळाला रूळ घट्ट भिडवून, फेव्हिकॉल लावून. मे महिन्यात एका दुपारी पाहतो तर मधला रूळ सापासारखा वळलेला. खोली पत्र्याची, बाहेर ४२ अंश. जुन्या पद्धतीच्या खऱ्या लोहमार्गात दोन रुळांमध्ये फट सोडतात, फिशप्लेटची (रूळ जोडणाऱ्या पट्टीची) भोकं बोल्टपेक्षा सैल ठेवतात, त्याच फटीवरून चाक गेलं की खटक्-खटक् आवाज येतो, हे मला तोंडपाठ होतं. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला धातू उन्हात वाढतो हे सांगायला मे महिना यावा लागला. तू दोन रुळांच्या जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोड.

आता जे सांगायला बसलोय ते. आमच्या गल्लीत एक जुने फायरमन होते, वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे, रिटायर झालेले. मी वही घेऊन त्यांच्याकडे चार रविवार गेलो. विचारलं काय, तर इंजिनांचे क्लास, नंबर, कोणतं कधी भंगारात गेलं. ते सांगत होते ते अर्धं तर कागदपत्रांत मिळण्यासारखं होतं. मधेच ते वारीचं काहीतरी सांगू लागले. पंढरपूरची गाडी, टपावर माणसं, इंजिन चढाला दमायचं. मी म्हटलं, "ते नंतर घेऊ, आधी नंबर पूर्ण करू." पुढे मी स्टेशन करायला घेतलं तेव्हा अडलो. कोळशाचा ढीग फलाटाच्या कोणत्या अंगाला असायचा? इंजिनात पाणी भरायचा तो सोंडेसारखा नळ कुठे होता? विचारायला गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप, ते वारून दोन महिने झाले होते. माझ्या मांडणीत आज कोळशाचा ढीग उजवीकडे आहे. तो अंदाजानं आहे, आणि बघणाऱ्याला ते कळत नाही, पण मला रोज दिसतं.

म्हणून आधी तुझ्या आजीकडे जा. ती माहेरी याच गाडीनं जायची, हे तुला ठाऊक आहे का? तिला इंजिनाचा नंबर विचारू नकोस. डब्यात बाकं कशी होती, खिडकीला गज होते का, तिकीट कुठे काढायचे, रात्री दिवा कसला, फलाट उंच होता की पायरीवरून चढावं लागायचं, हे विचार. फोनवर रेकॉर्ड कर आणि तारीख, गाव त्याच दिवशी लिहून ठेव. माझ्याकडे दोनशे फोटो आहेत, त्यातल्या निम्म्यांचं गाव आता मलाही सांगता येत नाही.

मग जमिनीवर शोध. बार्शी लाईट कुर्डुवाडीहून १९०६ला पंढरपूर, १९११ला लातूर, १९२७ला मिरजेला पोचली, १९५४ला सरकारची झाली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. गाडी गेली तरी खुणा राहतात. रेल्वेत जुना रूळ सहसा वाया जात नाही, कुंपणाचा खांब होतो नाहीतर शेडचा आधार. अशा खांबाच्या पोटावर उठावाची अक्षरं असतात, कारखान्याचं नाव, साल. रंगाचे थर बसलेले असले तर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घास, आपण लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. इमारतीचा फोटो काढताना शेजारी एक मीटरची काठी उभी कर, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा मारलेली. घरी येऊन सगळी मापं त्यावरून काढता येतात.

रुळांत उतरायचं नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७खाली तो गुन्हा आहे, शिवाय तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू? स्टेशन मास्तरांना आधी भेट, काय करतेस ते सांग. बहुतेक जण चहा पाजतात. जुन्या बाजारात रेल्वेचा कंदील दिसला तर लिलावाची पावती आहे का विचार, नसेल तर माल चोरीचा असू शकतो, हात लावू नकोस.

पुण्यातच आहेस तर कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय एकदा बघून ये. गाड्यांकडे सगळेच बघतात, तू सिग्नलकडे बघ.

दिवाळीत ये. बोगी, म्हणजे डब्याखालचे चाकांचे संच, मी काढून ठेवल्यात, डबा सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचा) करू.

तुझा,
काका

ता. क. येताना ९ मिलिमीटरचा एक डावा सांधा मिळाला तर आण, इकडे मिळत नाही. आणि आजीला कोळशाच्या ढिगाचं आठवतं का, तेवढं विचार.