सत्तरीतले वडील फ्लॅटबाहेर पडतच नाहीत. त्यांना हालचाल करायला कसं लावावं?

"बाबा, चालायला जा" असं सांगून सहसा कुणी जात नाही. "चला, मीपण येतो" म्हटलं की मात्र चपला पायात चढतात. आधी त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा. शहरात बहुतेकांना पडण्याची धास्ती असते: उखडलेला फुटपाथ, सिग्नलची अपुरी वेळ, वाटेत टेकायला बाक नाही. म्हणून पहिले काही दिवस तुम्ही सोबत जा आणि सावलीचा, बसायला जागा असलेला रस्ता ठरवून टाका.

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. हा आकडा त्यांना लगेच ऐकवू नका, दहा मिनिटांपासून सुरुवात करा. नुसतं चालणं पुरत नाही, हे बरेच जण विसरतात. तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा हवेत. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, एवढ्यानेही मांड्या-पोटऱ्या बळकट होतात आणि पडण्याचा धोका घटतो. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि त्यांच्या वयाचा एखादा सोबती मिळवून द्या. खाली कुणी वाट बघतंय म्हटल्यावर माणूस उठतोच.