‘माशी’ आणि ‘मासा’ यांचं नातं काय?

प्रश्न : ‘मधमाशी’तली ‘माशी’ आणि ‘मासा’ एकाच मुळातले का?

उत्तर : नाही. माशीचं मूळ संस्कृत ‘मक्षिका’, माशाचं ‘मत्स्य’. प्राकृतात क्ष आणि त्स्य या दोहोंचा ‘च्छ’ झाला (मच्छिआ, मच्छ), म्हणून हे शब्द जवळ आले. या च्छचा मराठीत ‘स’ होतो : इक्षु–उच्छु–ऊस. पुढे इ-ई असेल तर मात्र ‘श’. ‘कूस’ पण ‘कुशीवर’, तशी माशी. हिंदीत क्षचा ‘क्ख’ झाला, म्हणून तिकडे मक्खी. ‘मध’ सरळच, ‘मधु’वरून.

लिहिताना घोळ होतो तो अनेकवचनात. ‘माशांना’ म्हणजे मासे. डंख मारणाऱ्या त्या ‘माश्यांना’, य जोडूनच. मुद्रितशोधकही इथे चुकतात!